खून कोणी केला, हे यंत्राला विचारा

आपण स्वतंत्र कॉमिक काढण्याचे ठरवले आहे, आणि तेही काळाकुट्ट खून व जुन्या वळणाची विज्ञानकथा यांची मोट बांधून, याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. या दोन प्रकारांच्या युतीत मोठी सोय आहे. तर्क तुटला की विज्ञान पुढे करावे, आणि विज्ञान उघडे पडू लागले की चौकटीतला अंधार वाढवावा.

सर्वप्रथम रोनाल्ड नॉक्स यांना विसरावे. या धर्मगुरूंनी १९२९ मध्ये रहस्यकथेसाठी दहा आज्ञा घालून दिल्या आणि त्यांत अज्ञात विषे, तसेच शेवटी लांबलचक शास्त्रीय खुलासा करावा लागेल अशी उपकरणे सरसकट वर्ज्य ठरवली. आपली तर सारी भिस्तच त्या खुलाशावर आहे. विज्ञानकथाकार आयझॅक असिमोव्ह यांचाही आदर्श ठेवू नये. त्यांनी यंत्रमानवांचे तीन नियम १९४२ मध्येच छापून टाकले आणि पुढे खुनाची कादंबरी लिहिताना त्याच नियमांना स्वतःला बांधून घेतले. वाचकाला आधी नियम सांगायचे, मग त्याच नियमांतून त्याला चकवायचे, असे कष्ट ज्याला झेपतात त्याने ते करावेत. आपण कालयंत्राचा मर्यादित पल्ला, मृताच्या मेंदूतील शेवटचे चित्र टिपणारा कॅमेरा आणि गुप्तहेराचा यांत्रिक जुळा भाऊ हे सारे शेवटून दुसऱ्या पानावर एकदमच हजर करावे. वाचकाला उत्तर ओळखता आले नाही, म्हणजे रहस्य उत्तम होते, हे उघडच आहे.

चित्रकथेत मात्र एक अडचण असते. गद्यात पुरावा वाक्याच्या आडोशाला ठेवता येतो. चित्रात तो काढावाच लागतो, आणि एकदा काढला की वाचक पाने मागे उलटून तो तपासतो. यावर उपाय काळी शाई. खिडकी, सुरा, संशयिताचा डावा हात, जे जे नीट रेखाटता येत नाही ते ते सावलीत ढकलावे. याला वातावरणनिर्मिती म्हणतात, आणि तिच्यामुळे पार्श्वभूमी काढण्याचेही श्रम वाचतात.

जुनेपणासाठी माशासारखे पर फुटलेली रॉकेटे, व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली भिंत आणि काचेचे गोल शिरस्त्राण एवढे पुरते. त्या काळातील माणसांना भविष्याकडून नेमके काय हवे होते, कशाची धास्ती होती, असले प्रश्न कथानकात शिरू देऊ नयेत. त्यामुळे खुनाला विनाकारण हेतू मिळण्याचा संभव असतो. मोजक्या शाईत रंगछटा साधाव्यात म्हणून पूर्वी जे ठिपके छापत, ते आता संगणकावर मन लावून बसवावेत आणि महागड्या कागदावर छापून घ्यावेत.

प्रस्तावनेत बंडखोरी हवीच. अमेरिकी कॉमिक-प्रकाशकांनी १९५४ मध्ये स्वतःवर लादून घेतलेल्या आचारसंहितेत, शीर्षकातील ‘गुन्हा’ हा शब्द इतर शब्दांहून लक्षणीय मोठा नसावा, असे एक कलम खरोखरच होते. ती संहिता २०११ मध्ये निकालात निघाली, तरी तिच्याशी आपली झुंज चालू असल्याचे ठणकावून सांगावे. आपल्याला अडवणारे कोणीच नाही, संपादकसुद्धा नाही, ही गोष्ट बोभाटा करण्यासारखी नव्हे.

राहिला पैशांचा प्रश्न. तो लोकवर्गणीने सोडवावा आणि सर्वाधिक रक्कम देणाऱ्यांना कथेत प्रेत म्हणून चितारण्याचे वचन द्यावे. मग बळींची संख्या कथानकाऐवजी वर्गणी ठरवते, आणि मूळ आराखड्यात एकच खून करणाऱ्या त्या सज्जन शास्त्रज्ञाला पहिल्या अंकाच्या अखेरीस ज्यांची नावेही त्याने ऐकलेली नाहीत अशा अनेकांचा काटा काढावा लागतो. त्याने तो का काढला, हे अर्थात दुसऱ्या अंकात सांगण्यात येईल, आणि त्या अंकासाठीची वर्गणी लवकरच सुरू होत आहे.