चित्रकथेची सुरुवात भादलीपासून व्हावी

जळगावच्या काव्यरत्नावली चौकातील आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो भाऊंनी आणलेल्या कच्च्या रेखाटनांवरून. भाऊ चित्रकलेचे शिक्षक आहेत. सातवी-आठवीच्या मुलांना एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आदी व्यक्तींच्या हक्कांचा इतिहास कॉमिकमधून सांगावा, असे त्यांच्या मनात आहे. पहिल्या पानावर त्यांनी जून १९६९ मधील न्यूयॉर्क, समलिंगी लोक जमत त्या स्टोनवॉल इन या बारवरील पोलिसांचा छापा आणि त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोक रेखाटले होते.

निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या आप्पांना मुळात कल्पनाच पटली नाही. न्यायालयाचे निकाल चित्रांच्या चौकटींत कोंबले की त्यांचे गांभीर्य जाते, आणि या वयात हे सांगण्याची घाई कशाला, असे त्यांचे म्हणणे. "आप्पा, 'बायल्या' म्हणून ज्याला वर्गात छळतात ते मूल याच वयाचे असते," ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "छळणाऱ्यांना शिवी येते, मग इतिहासच तेवढा मोठेपणी का?" या प्रश्नाला टाळता येईल असे उत्तर मलाही सुचत नाही.

माझा आग्रह सुरुवातीबद्दल होता. आपल्याच जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या ग्रामपंचायत निवडणुकीत तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेसाठीचा अर्ज बाद ठरवण्यात आला, तेव्हा त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणासाठीच्या २०१९ च्या कायद्याने दिलेल्या स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याच्या अधिकाराच्या आधारे न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून लढण्याची मुभा दिली आणि त्या निवडूनही आल्या. भाऊंनी तिथेच कागद उलटा करून एक चौकट काढली : उमेदवारी अर्ज, आणि त्यावरील 'स्त्री' या शब्दावर टेकलेले अधिकाऱ्याचे बोट. खानदेशातल्या मुलाला ते कार्यालय, ते टेबल ओळखीचे वाटेल. न्यूयॉर्क दहाव्या पानावर आले तरी चालेल.

कॉमिकचे खरे बळ मात्र कलम ३७७ च्या पानांत दिसेल. १८६० च्या दंडसंहितेतील, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या या कलमातून प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये वगळले, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या संबंधांना पुन्हा गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. आप्पांच्या मते हे एका वाक्यात सांगता येते. येते, पण मूल ते वाक्य पाठ करून पुढे जाते. तीच खोली, तीच दोन माणसे, भिंतीवर फक्त बदललेले कॅलेंडर, अशा लागोपाठच्या चौकटी पाहिल्या की काहीही न करता माणूस रातोरात पुन्हा गुन्हेगार कसा ठरतो, हे त्याला स्वतःच ताडावे लागते.

आप्पा थोडे वळले ते १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा विषय निघाल्यावर. ज्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्याच दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद होती. हे पान वगळू नका, असे त्यांनीच बजावले.

भाऊंना शेवट २०१८ च्या जल्लोषावर हवा होता. ताईंनी तो साफ नाकारला, आणि माझ्या मते योग्यच केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, ते मुलांपासून दडवता येणार नाही. त्या निकालात कोणता मुद्दा एकमताने ठरला आणि कोणता तीन विरुद्ध दोन मतांनी, हे आठवीच्या मुलाला कळेल अशा भाषेत लिहिण्याचे काम अखेर आप्पांनी आपल्याकडे घेतले.