‘काउंट ऑन’ म्हणजे ‘वर मोजणे’ नव्हे!

सीताबर्डीतल्या एका शिकवणी वर्गाच्या छापील टिपणांत ‘काउंट ऑन’चा अर्थ ‘वर मोजणे’ असा दिला आहे आणि बारावीची मुले तो निमूटपणे घोकत आहेत, हे पाहून माझा संताप अनावर होतो. ‘यू कॅन काउंट ऑन मी’ म्हणजे ‘निर्धास्त राहा, अडीअडचणीला मी पाठीशी आहे’. यात मोजायचे काय आहे? भरवशाचा माणूस किंवा गोष्ट येते ती ‘ऑन’नंतरच, त्यामुळे ‘काउंट मी ऑन’ हे चूक, तर ‘काउंट मी इन’ म्हणजे ‘मलाही सामील करून घ्या’, म्हणजे निराळीच गोष्ट. भरमसाट शुल्क घेणाऱ्यांनी छापण्यापूर्वी एकदा शब्दकोश का उघडू नये?