सोलिच, रिक्रूटिंग आणि माझी 'भक्ती' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल संघावर लिहिलं होतं. म्हणणं एवढंच होतं की २००३ मध्ये कोच फ्रँक सोलिच यांना काढलं आणि तिथून हस्कर्सची, म्हणजे या संघाची, घसरण सुरू झाली. दर तीन-चार वर्षांनी कोच बदलणाऱ्या संघाकडे चांगली मुलं येत नाहीत, आली तरी टिकत नाहीत. त्यावर शिकागोच्या एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं असं: सोलिच यांच्या काळात रिक्रूटिंग (शाळेतले चांगले खेळाडू विद्यापीठाकडे आणणं) आधीच आटलं होतं, त्यामुळे त्यांना काढलं ते योग्यच झालं. कर्ट सिग्नेटी यांनी इंडियानासारख्या संघाला पहिल्याच मोसमात ११ सामने जिंकून दिले, तेव्हा 'कोचला वेळ द्या' ही निव्वळ पळवाट आहे. लेख फार लांबला आहे. आणि शेवटी हे: "लाल शर्ट घालून स्टेडियममध्ये ओरडणं म्हणजे खेळ कळणं नव्हे. रिक्रूटिंग कळायला डोकं लागतं, भक्ती नाही."

लेख लांबला, हे मान्य. बिग टेन या लीगमध्ये जाण्याबद्दलचा भाग निम्मा करता आला असता. तुमचं हे म्हणणं मी मनापासून स्वीकारतो.

आता शेवटच्या वाक्याकडे येतो. मतभेद असावेत, मला त्याचं वावडं नाही. पण तुम्ही माझं मत खोडण्याआधी मला मत असण्याचा अधिकारच काढून घेतलात. समोरचा माणूस कोण, कुठला, त्याने काय पाहिलंय, याची काडीची चौकशी न करता 'भक्त' म्हणून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? हेच वाक्य तुम्ही समोरासमोर बसून, चहा पिताना म्हणाला असतात का? मला नाही वाटत.

म्हणून थोडं माझ्याबद्दल सांगतो. मी कोल्हापूरचा. शिवाजी पेठेत वाढलो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, अमेरिकेतला नव्हे, पण संघावर जीव टाकणं म्हणजे काय हे मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून शिकलो. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब ही नावं तुम्ही ऐकली नसतील. त्या सामन्यांना येणारी माणसं नुसती ओरडत नसत. कोणता पोरगा कुठल्या तालमीतून आला, यंदा कुणी कुणाला फोडलं, गेल्या साली बचावात कोण होता आणि आता त्याच्या जागी कोण, हे सगळं त्यांना तोंडपाठ असे. भक्ती आणि डोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या पायऱ्यांवर कधीच कुणी सांगितलं नाही. ज्याचा जीव जडलेला असतो तोच बारकाईने बघतो. ज्याला काही वाटत नाही तो गुणफलक वाचतो आणि रँकिंग सांगतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी लिंकनला, नेब्रास्का विद्यापीठाच्या शहरात, शिकायला आलो. सोलिच नुकतेच कोच झाले होते. ज्या शहरात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे शनिवारी मेमोरियल स्टेडियमबाहेर अनोळखी माणसं हाताला धरून सँडविच खायला घालत आणि ऑप्शन ही चाल म्हणजे काय ते बोट दाखवून समजावत. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन कडेला धावतो, समोरच्या बचावपटूकडे बघतो, तो अंगावर आला तर चेंडू मागच्याकडे टाकतो, नाही आला तर स्वतः धावतो. सगळा निर्णय अर्ध्या सेकंदात. हे मी एका निवृत्त शेतकऱ्याकडून शिकलो. १९६२ च्या नोव्हेंबरपासून त्या स्टेडियमची तिकिटं प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत. ४-८ च्या (चार विजय, आठ पराभव) मोसमातसुद्धा. तुमच्या मते हे सगळे बिनडोक भक्त असतील. मी त्यांच्यात बसलोय, मला तसं वाटत नाही.

आणि रिक्रूटिंगबद्दल. ते मी फक्त रँकिंगच्या यादीत वाचलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या ओमाहाच्या गल्लीत, दोन घरं सोडून, एक मुलगा होता. ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) खेळायचा, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागत असा. एका विद्यापीठाचा असिस्टंट कोच (नेब्रास्का नव्हे, नाव सांगत नाही) त्यांच्या घरी आला. योगायोगाने मीही तिथे होतो. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने मुलाच्या आईने केलेलं मीटलोफ दोनदा मागून घेतलं आणि धाकट्या बहिणीचं नाव लक्षात ठेवून तिला तिच्या सॉफ्टबॉलबद्दल विचारलं. मुलाला त्याने कागदावर पावलांच्या खुणा काढून दाखवल्या: पहिलं पाऊल कुठे, हात कुठे. मुलगा तो कागद घडी करून पाकिटात ठेवत असे. दर रविवारी फोन यायचा. मग नोव्हेंबरात त्या विद्यापीठाने हेड कोच काढला, असिस्टंटही गेले. पुढच्या रविवारी फोन आला नाही. नव्या कोचच्या माणसांना वेगळ्या बांध्याचे लाइनमन हवे होते. स्कॉलरशिपची ऑफर होती ती कुणी रद्दही केली नाही, तिच्याबद्दल कुणी बोलेनाच. आईने दोनदा ऑफिसला फोन केला, निरोप ठेवला. शेवटी मुलगा एका लहान कॉलेजात गेला. कोच बदलला की यादीतला एक आकडा बदलतो असं तुम्हाला वाटतं. मला तो कागद आठवतो. आता सांगा, रिक्रूटिंग कुणाला कळलेलं नाही?

तुम्ही म्हणता २००३ पर्यंत सोलिच यांचं रिक्रूटिंग आटलं होतं. असं त्या काळात बरेच जण म्हणत, मला ठाऊक आहे. पण काय झालं ते बघा. २००२ मध्ये संघ ७-७ वर आला. सोलिच हात बांधून बसले नाहीत. त्यांनी आपले जुने सहकारी बदलले, बचाव बो पेलिनी यांच्या हाती दिला. २००३ मध्ये तोच संघ चेंडू हिसकावण्यात देशात आघाडीवर होता. २८ नोव्हेंबरला बोल्डरला जाऊन कोलोराडोला ३१-२२ ने हरवलं, नववा विजय. दुसऱ्याच दिवशी ॲथलेटिक डायरेक्टर स्टीव्ह पेडरसन यांनी सोलिच यांना काढलं. हा तोच माणूस, जो साठच्या दशकात याच संघाकडून फुलबॅक खेळला, ज्याने कोच म्हणून सहा मोसमांत ५८ सामने जिंकले, १९ हरले आणि संघाला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत नेलं. त्यानंतर नवा कोच शोधायला सुमारे चाळीस दिवस लागले. तेव्हा मुलांनी विद्यापीठाशी सह्या करण्याचा दिवस फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी असे. म्हणजे ज्या आठवड्यांत कोचने घरोघर जाऊन बसायचं, त्याच आठवड्यांत आमच्याकडे कोच नव्हता. रिक्रूटिंगची काळजी वाहणारी माणसं अशी वागतात?

मग बिल कॅलाहान आले. रिक्रूटिंग हाच त्यांचा गुण. २००५ मध्ये त्यांनी जमवलेली मुलं देशातल्या पहिल्या पाचांत धरली गेली. तुम्हाला यादी हवी ना? ही घ्या यादी. आणि हा निकाल: २००४ मध्ये १९६१ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम, सलग ३५ वर्षं चाललेली बोल सामन्यांची (मोसम संपल्यावर निवडक संघांना मिळणारे सामने) मालिका खंडित, २००७ मध्ये कॅन्ससकडून ७६-३९ ने हार. त्याच मुलांमध्ये पोर्टलंडचा एनडामुकाँग सू होता. २००७ मध्ये ज्या बचावात तो खेळत होता तो दर सामन्याला जवळपास ३८ गुण खात होता. २००८ मध्ये पेलिनी हेड कोच म्हणून परतले. २००९ मध्ये त्याच सूच्या भोवती उभा असलेला बचाव देशात सर्वांत कमी गुण देणारा ठरला, सामन्याला १० च्या आसपास. टेक्ससविरुद्धच्या बिग ट्वेल्व्ह लीगच्या फायनलमध्ये सूने साडेचार सॅक केले, म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं. मुलगा तोच. शिकवणारा बदलला. सूला आणलं कॅलाहान यांनी, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आणून ठेवणं आणि घडवणं यांत केवढं अंतर आहे, हेच तर मी सांगतोय.

हेच २०१४ मध्ये पुन्हा घडलं. पेलिनींचा स्वभाव तापट, तोंड सुटायचं, ते मला कधीच आवडलं नाही. पण सात मोसमांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय नाहीत. आयोवाला त्यांच्या मैदानावर जादा वेळेत ३७-३४ ने हरवून नववा विजय मिळवला आणि दोन दिवसांत त्यांना घरी पाठवलं. त्यानंतर माइक रायली: तीन मोसम, १९ विजय, १९ पराभव. त्यानंतर स्कॉट फ्रॉस्ट, आमचाच १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक: १६ विजय, ३१ पराभव. फ्रॉस्टना काढायची वेळ आली होती, मीही तेच म्हणत होतो. पण सप्टेंबर २०२२ मध्ये काढलं तेव्हा करारापोटी दीड कोटी डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ती रक्कम निम्म्यावर आली असती. तीन आठवडे धीर धरवला नाही. घाई अंगवळणी पडली की मग ती पैशाच्या हिशेबालाही जुमानत नाही.

सोलिच यांच्याआधीचे कोच टॉम ऑस्बोर्न यांच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहितो. ते १९७३ मध्ये हेड कोच झाले. पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाकडून हरले, ओळीने. आजचे लोक असते तर तिसऱ्या वर्षीच विमानतळावर सोडून आले असते. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९४ मध्ये, बाविसाव्या मोसमात. मग १९९५, मग १९९७. एकूण २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. त्यांच्यासोबत मिल्ट टेनोपिर दोन दशकांहून अधिक काळ लाइन शिकवत होते. नेब्रास्काच्या एखाद्या छोट्या गावातला शेतकऱ्याचा पोरगा स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून यायचा. आपला कोच चार वर्षांनीही इथेच असेल हे त्याला माहीत असायचं, म्हणून तीन वर्षं घाम गाळून चौथ्या वर्षी मैदानात उतरायची त्याची तयारी असायची. कॅलाहान यांनी वॉक-ऑनची संख्या कमी केली. जो कोच स्वतःच चार वर्षं टिकत नाही त्याच्यासाठी कोण तीन वर्षं थांबेल?

आता इंडियाना. २०२४ मध्ये त्यांनी आम्हाला ५६-७ ने हरवलं, हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. मी तो सामना शेवटच्या मिनिटापर्यंत पाहिला, मला आठवण करून द्यायची गरज नव्हती. सिग्नेटी मोठे कोच आहेत. ते जेम्स मॅडिसनहून स्वतःची घडवलेली मुलं सोबत घेऊन आले, ट्रान्सफर पोर्टल (खेळाडूंना विद्यापीठ बदलू देणारी व्यवस्था) होतं म्हणून ते शक्य झालं. एका अपवादावरून शंभर विद्यापीठांनी दर वर्षी कोच बदलायचे का? यावर इथे एवढंच.

आणि आमचा क्वार्टरबॅक असलेल्या डिलन रायोलाबद्दल तुमचा टोमणा. २०२३ च्या डिसेंबरात तो जॉर्जियाला दिलेला शब्द मोडून लिंकनला आला, कारण त्याचे वडील इथे सेंटर खेळले होते आणि कोच मॅट रूल यांच्यावर त्याचा विश्वास बसला होता. पुढे पाय मोडला, मग तो पोर्टलमध्ये गेला. मला दुःख झालं, आजही आहे. त्यावरून हसू येण्यासारखं काय होतं ते मला कळलेलं नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाची दुखापत हा वादातला मुद्दा करू नये, एवढी सभ्यता मला तुमच्याकडून अपेक्षित होती.

रूल यांनी टेंपलला २-१० वरून १० विजयांवर नेलं, बेलरला १-११ वरून ११-३ वर. दोन्ही ठिकाणी तिसऱ्या वर्षी. लिंकनमध्ये २०२४ ला ७-६ झालं आणि २०१६ नंतर पहिल्यांदा आम्ही बोल सामना खेळलो, जिंकलोही. हे पुरेसं नाही, मला माहीत आहे. तरीही मी त्यांना काढा म्हणणार नाही. सात विजयांवर नाही, आणि तुम्ही 'भक्त' म्हणालात म्हणून तर मुळीच नाही.

राहता राहिले सोलिच. लिंकनमध्ये नालायक ठरलेला हा माणूस २००५ मध्ये ओहायो विद्यापीठात गेला. आधी कुणी तिकडे ढुंकून बघत नव्हतं. तिथे तो २०२० च्या मोसमापर्यंत राहिला, ११५ सामने जिंकला, आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या इतिहासातला पहिला बोल विजय मिळवून दिला. फाइव्ह-स्टार (रँकिंगमध्ये सर्वांत वरच्या) मुलांशिवाय. त्याच काळात आमच्याकडे कॅलाहान, पेलिनी आणि रायली येऊन गेले, आणि फ्रॉस्ट आले. पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा या ११५ विजयांपासून सुरुवात करा. मी उत्तर देईन, आणि तुमच्या शिक्षणाची किंवा डोक्याची चौकशी न करता देईन.