कंप थांबला म्हणजे पार्किन्सन्स थांबला?

शुभंकर (काळजी घेणारे) आणि शुभार्थी (पार्किन्सन्स झालेले) यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतोय: ‘हाताचा कंप हेच पार्किन्सन्सचं खरं माप. स्मार्टवॉच बांधा, आकडा उतरला की आजार उतरला. डॉक्टरांच्या फेऱ्या वाचवा.’ बाबांची काळजी घेताना मीही सुरुवातीला नुसता कंपच बघत बसायचे, म्हणून हे लिहिते आहे.

कंप हेच माप? कित्येक शुभार्थींना कंप नसतोच. ताठरपणा आणि मंदपणाच जास्त असतो. न्यूरॉलॉजिस्ट वापरतात त्या २००८च्या सुधारित यूपीडीआरएस मोजपट्टीत हालचालींच्या तपासणीच्या ३३ नोंदी आहेत, प्रत्येकीला ० ते ४ गुण. त्यात कंपाच्या फक्त १०. बाकीच्यांत अंगठ्यावर बोट भराभर आपटणं, हाताची घडी घालून खुर्चीतून उठणं, आवाज, चेहऱ्यावरचे भाव, मागून खांदे ओढल्यावर तोल सावरणं. बाबांचा कंप होता तेवढाच राहिला, तोल मात्र गेला. बाथरूमच्या दारात पडले तेव्हा आम्हाला कळलं.

‘आकडा उतरला की आजार उतरला’ ही सगळ्यात घातक समजूत. सकाळी गोळीआधी पलंगावरून उठू न शकणारा माणूस लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध लागू झाल्यावर तासाभरात अंगणात फिरतो. त्या तासात मेंदूतल्या मेलेल्या पेशी परत आलेल्या नसतात, हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामिन या रसायनाची उणीव तेवढ्यापुरती भरून निघालेली असते. नुसती लक्षणं दबली की आजारच मंदावला, हा पेच संशोधकांनाही सुटलेला नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३६१ रुग्णांना ४० आठवडे लेव्होडोपा किंवा औषध नसलेली गोळी दिली, मग दोन आठवडे सगळं बंद करून तपासलं. लेव्होडोपावाल्यांची तब्येत कमी ढासळलेली दिसली, पण त्यातल्या काहींचे मेंदूचे स्कॅन उलटंच सुचवत होते. मग आजाराचा वेग कशावरून ठरवायचा? वेग कमी करणारं औषध सिद्ध करणं याच प्रश्नापाशी अडतं.

घड्याळ निरुपयोगी नाही. डॉक्टर वीस मिनिटं बघतात, घड्याळ दिवसभराचे चढउतार टिपतं. पण बद्धकोष्ठता, झोपेतलं ओरडणं, गिळताना लागणारा ठसका त्याला मनगटावरून कसा कळणार?

याच मेसेजच्या शेपटाला ‘पाठीतल्या पाण्याच्या नव्या तपासणीने टक्केवारी कळते’ असंही जोडलंय. मणक्यातलं पाणी काढून केलेली, अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाची ती तपासणी तूर्त एवढंच सांगते, की ते बिघडलेलं प्रथिन आहे की नाही. आजार किती पुढे गेला, हे नाही.

आम्ही आता वहीत लिहितो: गोळीची वेळ, चालणं कधी मोकळं झालं, कधी अडलं, तोल कुठे गेला. डॉक्टर आधी ती वही मागतात.