क्राकूवचा ‘ज्यू घेट्टो’ नदीच्या कुठल्या काठावर होता?

युरोप सहलींचे बेत सुरू झाले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. या आठवड्यात तो मला तीन ग्रुपांवर आला. त्याचा सारांश असा: ‘पोलंडमधल्या क्राकूवला गेलात तर काझिमिएश हा ज्यूंचा घेट्टो बघा, शिंडलरची फॅक्टरी तिथेच आहे. जुनं सगळं नाझींनी पाडलं, आता फक्त कॅफे उरलेत. ज्यू एकही नाही. अर्धा दिवस पुरे, उरलेला वेळ ऑशविट्झला द्या.’ पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण यातलं कॅफेचं सोडलं तर बाकी फारसं टिकत नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक घेट्टोची. घेट्टो म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडून ठेवलेली वस्ती, आणि काझिमिएश तसा घेट्टो नव्हता. राजा काझिमिएश याने १३३५ साली वसवलेलं ते एक वेगळं गाव होतं. १४९५ मध्ये राजा यान ओल्ब्राख्त याने क्राकूवच्या ज्यूंना तिकडे हलवलं, आणि पुढे साडेचार शतकं त्यांचे संसार, बाजार, शाळा, भांडणं सगळं तिथेच झालं. नाझींनी मार्च १९४१ मध्ये घेट्टो केला तो विस्वा नदीच्या पलीकडे, पोदगूझे भागात. जिथे आधी तीनेक हजार माणसं राहायची, तिथे पंधरा हजारांहून अधिक कोंबली. भोवतीच्या भिंतीचा माथा कमानी-कमानींचा, थडग्यावरच्या दगडासारखा. ल्वोव्स्का रस्त्यावर तिचा तुकडा अजून उभा आहे. आपल्याकडच्या ज्यू कामगारांना वाचवणारा जर्मन कारखानदार ऑस्कर शिंडलर याची फॅक्टरीही याच काठावर, झाब्वोचे भागात. शिवाय तिथलं २०१० सालचं संग्रहालय मुख्यतः शिंडलरवर नाही, नाझींच्या ताब्यातल्या क्राकूववर आहे. शिंडलरचाच इतिहास पाहायचा म्हणून गेलेले लोक थोडे हिरमुसतात.

हा गोंधळ का होतो, तेही सांगतो. स्पीलबर्गने १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’ या सिनेमातली घेट्टोची बरीच दृश्यं काझिमिएशमध्ये चित्रित केली, कारण पोदगूझे तोवर फार बदललं होतं. सिनेमातल्या प्वाशूव या नाझी छळछावणीचा सेट लिबान नावाच्या दगडखाणीत लावला होता. त्याचे अवशेष आजही तिथे पडलेत, आणि ते खरे समजून फोटो काढणारे भेटतात. खरी प्वाशूव छावणी तिथून जवळच, ज्यूंच्या दोन दफनभूमींवर उभारलेली.

‘सगळं पाडलं’ हेही खोटं. काझिमिएशमधली सात जुनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आजही उभी आहेत. नाझींनी ती लुटली, कुठे कोठार केलं, कुठे तबेला, पण क्राकूव ही त्यांनी आपल्या ताब्यातल्या पोलंडची राजधानी केली होती, त्यामुळे वॉर्साची झाली तशी या शहराची राखरांगोळी झाली नाही. शेरोका रस्त्यावरचं रेमू सिनेगॉग सोळाव्या शतकातलं, आणि त्यात अजून प्रार्थना होते. मागच्या दफनभूमीत रब्बी (ज्यू धर्मगुरू) मोशे इसर्लेस, म्हणजे ‘रेमा’, यांचं थडगं आहे. ते १५७२ मध्ये वारले. ज्यू धर्माचाराच्या मूळ ग्रंथाचं नाव ‘मांडलेलं मेज’ या अर्थाचं. पोलंडकडच्या ज्यूंचे रिवाज त्यात नव्हते, म्हणून रेमांनी त्यावर टिपा लिहिल्या आणि त्यांना नाव दिलं ‘मेजपोस’. आजवर अनेक देशांतले ज्यू तो मेजपोस अंथरलेलंच मेज वापरतात! युद्धात इथले दगड उचकटले गेले, पण त्यांचा वाचला. नंतर खोदकामात जमिनीखाली शेकडो दगड सापडले. जे जुळले नाहीत त्या तुकड्यांची भिंत रचली आहे. तिच्यापाशी थोडं रेंगाळाच.

आणि सगळंच नाझींनी केलं असंही नाही. युद्ध संपल्यावर, ११ ऑगस्ट १९४५ ला, याच काझिमिएशमध्ये कुपा सिनेगॉगवर जमावाने हल्ला केला. १९६८ च्या सरकारी ज्यूविरोधी मोहिमेत उरलेल्यांपैकीही बरेच देश सोडून गेले. हे मेसेजमध्ये कधीच येत नाही.

कॅफेबद्दल मात्र मान्य. हिब्रू वळणाच्या पोलिश अक्षरांच्या पाट्या, संध्याकाळी क्लेझ्मर हे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं संगीत, आणि दुकानांत हातात नाणं धरलेल्या ज्यूचे ‘शुभ’ पुतळे. ते पुतळे मला कसेसेच वाटतात.

‘एकही नाही’? मिओदोव्हा रस्त्यावर टेम्पल सिनेगॉगला लागून २००८ पासून ज्यू समाजकेंद्र चालतं आणि शुक्रवारी रात्री तिथे शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या सुरुवातीचं, जेवण असतं. युद्धापूर्वी शहरातला दर चौथा माणूस ज्यू होता. त्यापुढे आजची संख्या नगण्य, पण नगण्य म्हणजे शून्य नव्हे.

राहिला अर्धा दिवस. एक तर शनिवारी जाऊ नका, त्या दिवशी रेमू बंद असतं. दुसरं, नदी ओलांडून घेट्टोच्या चौकात जा. १९४२ मध्ये इथून हजारो लोकांना नेलं ते बेव्झेत्सच्या मृत्युछावणीत, ऑशविट्झला नव्हे. चौकात आता धातूच्या रिकाम्या खुर्च्या आहेत. कोपऱ्यावर तादेउश पान्किएविच यांचं औषधांचं दुकान. घेट्टोत राहायची परवानगी मिळालेले हे पोलिश कॅथलिक गृहस्थ. म्हातारं दिसलं की मरण, म्हणून ते केसांचा कलप द्यायचे. लपवलेली मुलं रडू नयेत म्हणून झोपेचं औषध. दुकान आता संग्रहालय आहे. जवळच्या तार्नूव शहरालाही जमलं तर जा. तिथे १९३९ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या मधोमधचे चार खांब तेवढे उघड्यावर उभे आहेत.

ऑशविट्झला जाऊ नका असं कोण म्हणेल? पण ऑशविट्झ हे ज्याचं जर्मन नाव, ते ओश्व्यिएंचिम गावच युद्धापूर्वी निम्म्याहून जास्त ज्यू होतं, आणि यिद्दिश या तिथल्या ज्यूंच्या भाषेत त्याला ओश्पित्सिन म्हणत. तिथलं एक सिनेगॉग शाबूत आहे. २००० साली ते पुन्हा उघडलं, आणि गावातला शेवटचा ज्यू रहिवासी त्याच वर्षी वारला. सहलीच्या बस छावणीवरून थेट क्राकूवला परततात, तेव्हा गावात उतरायचं असेल तर स्वतःच्या सोयीनेच जा.