मळभ वेगळं, पाऊस वेगळा

जुलैत दोन-तीन दिवस सलग कोसळला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘पृथ्वीवरचं सगळ्यात अंधारं, उदास हवामान म्हणजे मुंबईचा पावसाळा. पाऊस जास्त तिथे सूर्य कमी. यापेक्षा काळोख फक्त ध्रुवांवर. असं बारा महिने राहिलं तर माणूस टिकणारच नाही.’ खिडकीबाहेर तसंच दिसत असल्याने तो पटतो. पण त्यातलं एकही विधान टिकत नाही.

आधी मुंबईचं. जुलै-ऑगस्टमध्ये इथे महिन्याला सरासरी ७५ तासांच्या आसपास ऊन पडतं, म्हणजे दिवसाला जेमतेम अडीच तास. कमीच आहे, मान्य. पण एप्रिल-मेमध्ये तोच आकडा २८० च्या पुढे जातो आणि वर्षाची बेरीज अडीच हजारांवर. न्यूझीलंडच्या दक्षिणेला कॅम्पबेल नावाचं बेट आहे. तिथे अख्ख्या वर्षात साधारण ६५० तास ऊन!

‘पाऊस जास्त तिथे सूर्य कमी’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. पेरूची राजधानी लिमा बघा. वर्षाचा पाऊस दोन सेंटिमीटरही नाही. आपल्याकडे एका दमदार सरीत तेवढा पडून जातो. तरी तिथल्या जुलैत महिन्याभराचं ऊन सुमारे ३० तास. किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यावरची हवा गार आणि दमट होते, आणि वरून खाली उतरणारी उबदार कोरडी हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. ढग उंच वाढू शकत नाही, म्हणून नीट बरसत नाही. बरसत नाही म्हणून रिकामाही होत नाही. महिनोन्‌महिने तसाच पसरून राहतो. लिमाची तहान अँडीजमधून येणाऱ्या रिमाक नदीवर भागते, आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांत लोक मोठाली जाळी उभारून धुक्यातलं पाणी गोळा करतात. आपले ढग २८-२९ अंश सेल्सिअसच्या ऊबदार समुद्रावरून येतात, उंच चढतात, कोसळतात आणि उघडीप देतात. भातसा, तानसा, वैतरणा त्यांच्यावरच भरतात. त्यांना मळभ म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

राहिला ध्रुवांचा मुद्दा. चीनमधलं चोंगछिंग जवळजवळ दिल्लीच्याच अक्षांशावर आहे. सिचुआनच्या खोलगट भागात दमट हवा साचते, पश्चिमेला तिबेटच्या पठाराची भिंत, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत महिन्याला ३० तासही ऊन मिळत नाही. मॉस्कोही काही ध्रुवावर नाही; डिसेंबर २०१७ मध्ये तिथे संपूर्ण महिन्यात ६ मिनिटं सूर्य दिसला. उलट दक्षिण ध्रुवावर रात्र सहा महिन्यांची असली तरी उन्हाळ्यात चोवीस तास लख्ख ऊन असतं. शिवाय जुलैअखेर मुंबईत दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे ढगांतूनही भरपूर उजेड झिरपतो. तेवढाच ढग डिसेंबरात उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर आला, तर क्षितिजापासून पाचेक अंशच वर येणाऱ्या सूर्याचं काय उरणार?

माणूस टिकत नाही म्हणावं, तर लिमात कोटभर लोक राहतात आणि चोंगछिंगच्या हद्दीत तीन कोटींहून जास्त.

मग सगळ्यात झाकोळलेलं हवामान कल्पनेनं रचायचंच झालं तर? ढग सगळीकडे कायमचे राहू शकत नाहीत. एकीकडे हवा वर चढते तेव्हा दुसरीकडे ती खाली उतरतेच, आणि तिथे आभाळ फाटतं. तरीही कुठल्याही क्षणी पृथ्वीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग ढगांखाली असतो. मी तरी जागा निवडेन अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात, ५५ ते ६० अंश अक्षांशांदरम्यान: थंड पाणी, उत्तरेकडून त्यावर सरकणारी दमट हवा, अखंड पश्चिमी वारे, आणि ते अडवणारं एखादं डोंगराळ बेट. हिवाळ्यात सूर्य क्षितिजालगत. मुंबईला यातलं काहीच लागू नाही. अक्षांश १९, समुद्र ऊबदार, आणि ऑक्टोबरात वारा जमिनीकडून वाहू लागला की आभाळ निरभ्र.