माटोळीखालचं गाणं

आपल्या मुलावर गाणं लिहिणाऱ्या आईबापांना माझं एकच सांगणं आहे. त्यात मूल दिसू द्या हो! सोनुली, परी, छकुली, वर चांदोबा, असं घातलं की ते गाणं कुणाच्याही पोरीला चालतं. छापील पत्रिकेसारखं, नाव तेवढं बदलायचं.

यंदा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मीही एक केलं. लेक पाच वर्षांची. गोव्यात, फोंड्याच्या घरी माटोळी बांधणं चाललं होतं. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळांनी नि रानच्या जिनसांनी सजवलेली चौकट. असोले नारळ, सुपारीचा कात्रो, तोरिंगं, चिबूड, आंबाडे, कवंडळं नावाची लालभडक रानफळं. (कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत उतरणारे रानं पालथी घालतात, त्यांच्यापुढे आमची काहीच नव्हे.) लेकीने घागऱ्यांचा, म्हणजे वाळल्या की खुळखुळणाऱ्या रानशेंगांचा, घोस उचलला, हलवला, कानाला लावला. मग विचारलं, "आई, गणपती हें खाता काय वाजयता?" (खातो की वाजवतो?) शेंगा अजून ओल्याच होत्या, वाजणार कशा? सासूबाई म्हणाल्या, "वाळल्यावर वाजतील गो." झालं, माझं गाणं तिथेच तयार:

माटोळीला घागऱ्या
हिरव्या नि नाचऱ्या
वाजतील साऱ्या
वाळल्यावर

साधी ओवी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, अक्षरं मोजायची सक्ती नाही. जात्यावरच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपली पोरं याच साच्यात घातली. आपल्याला नवीन काही शोधावं लागत नाही.

चालीचंही तेच. आमच्याकडे आरत्या मराठी आणि साथीला घुमट, म्हणजे मडक्याला चामडं ताणून केलेलं वाद्य. पूर्वी त्याला घोरपडीचं चामडं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते गेलं, आता बकऱ्याचं असतं. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, पण लेकीच्या कानात ते पाळण्यापासूनच आहे. चौथ्या चरणानंतर जी जागा उरते तिथे ती बरोब्बर थाप मारते. मी पेटीवर गोडगोड चाल बसवली असती तर तिने ढुंकूनही पाहिलं नसतं.

मग सल्ले सुरू झाले. एक ओळखीच्या बाई म्हणाल्या, शेवटी "झाडे लावा"चं कडवं घाल, म्हणजे संदेश जातो. कुणाला आईवडिलांचं ऐकण्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या. एकाने स्टुडिओत नेऊन रील करायचं सुचवलं. मला यातलं काहीही पटत नाही. पाच वर्षांच्या पोरीने एक सरळ प्रश्न विचारलाय, त्याच्या शेपटाला उपदेश बांधायचा तो कशाला? मोठ्यांना गाण्यातही वर्ग घ्यायची भारी हौस! रेकॉर्डिंग म्हणाल तर दर वेळी ती शब्द बदलते. काल "वाळल्यावर"च्या जागी "जेवल्यावर" होतं, आणि मला तेच जास्त आवडलं.

दुसरं कडवं मी कवंडळावर लिहून दाखवलं. ते तिने नापास केलं. म्हणे, त्यात आजी नाही.